पडछाया गाळली, गोलाई ठेवली: चिनी दरबारातली जनावरांची चित्रं कशी घडली

चिनी पंचांगात २०२६ हे घोड्याचं वर्ष. अशा वर्षी एक जुनं चित्र हटकून समोर येतं. माळरानावर विखुरलेले शंभर घोडे: कुणी चरतोय, कुणी पाठीवर लोळतोय, कुणी पाण्यातून पलीकडे जातोय, आणि कळपातच एक बरगड्या मोजाव्यात इतका हडकुळा. घोडे असे भरीव की पुठ्ठ्यावर थाप मारावीशी वाटते. पण उन्हात उभ्या जनावराची जमिनीवर पडते तशी गडद, रेखीव सावली कुठेच दिसत नाही. पायांपाशी फार तर एखादी फिकट, पसरट छटा आहे. म्हणून पाहणारा अडखळतो. हे चित्र चिनी म्हणायचं की युरोपीय?

चित्र रेशमावर आहे. उंची ९४.५ सेंटिमीटर, लांबी ७७६.२ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ पावणेआठ मीटर. त्यावरची तारीख १७२८ च्या वसंतातली आहे आणि आज ते तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात आहे. सही लांग शिनिंग या नावाची. हा माणूस मूळचा मिलानचा, जुझेप्पे कास्तिल्योने.

दोन परंपरा अर्ध्या-अर्ध्या घेऊन कालवल्या असं या चित्रांबद्दल सर्रास लिहिलं जातं, पण तसं झालेलं नाही. युरोपीय रीतीतलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं, हे एकेक बाब पारखून ठरवलेलं आहे.

मिलानचा चित्रकार पेकिंगला कसा पोहोचला

कास्तिल्योने १६८८ साली जन्मला आणि १७०७ मध्ये जेझुइट या कॅथलिक धर्मसंघात दाखल झाला. तो पाद्री नव्हता, संघाचा साधा बंधू होता. चित्रकलेचं शिक्षण आधीच झालेलं होतं. १७१४ मध्ये तो लिस्बनहून निघाला. पोर्तुगीज जहाजांची पूर्वेकडची वाट तेव्हा गोव्यावरून जायची. त्याच वाटेने तो १७१५ मध्ये मकाऊला आणि वर्ष संपता संपता पेकिंगला, म्हणजे आजच्या बीजिंगला, पोहोचला. त्यानंतर १७६६ मध्ये मरेपर्यंत, म्हणजे पन्नासहून अधिक वर्षं, त्याने तीन सम्राटांची चाकरी केली: कांगशी, योंगझंग आणि छियेनलोंग.

गोव्याचा उल्लेख इथे उगाच नाही. १५८० मध्ये गोव्याहूनच जेझुइट पाद्री अकबराच्या दरबारी फतेहपूर सिक्रीला गेले होते. त्यांच्याबरोबरच्या छापील चित्रांवरून मुघल चित्रकारांनी छायाप्रकाश उचलला. पुढे जहांगीरच्या काळात मन्सूरने पक्षी-प्राण्यांची जी चित्रं काढली, त्यांतही युरोपीय नजर आणि आशियाई कुंचला एकत्र आलेले दिसतात. फरक एवढाच, की मुघल चित्रकार परक्या चित्रांवरून आपल्या घरात बसून शिकले. चीनमध्ये परका चित्रकारच घरात आला आणि त्याला यजमानाच्या साहित्यात काम करावं लागलं.

अंगछाया आणि पडछाया

पुढचं सगळं समजायला दोनच शब्द लागतात. वस्तूच्या स्वतःच्या अंगावर जो भाग अंधारतो ती अंगछाया. वस्तू दुसऱ्या पृष्ठभागावर, म्हणजे जमिनीवर किंवा भिंतीवर, जी सावली टाकते ती पडछाया.

एक माठ खिडकीशेजारी ठेवा. खिडकीकडची बाजू उजळते, पलीकडची काळवंडते आणि फरशीवर लांब पडछाया पडते. अठराव्या शतकातला युरोपीय चित्रकार असाच प्रकाश धरायचा: वरून, एका बाजूने, ठरलेल्या कोनात. आता तोच माठ ढगाळ दिवशी ओसरीच्या कडेला ठेवा आणि समोरून पाहा. मधला भाग सर्वांत उजळ, दोन्ही कडा सारख्याच किंचित गडद, खाली पडछाया जवळजवळ नाही. तरीही माठ गोल आहे हे दिसतंच.

कास्तिल्योनेने पेकिंगमध्ये धरला तो हा दुसरा प्रकाश. समोरून, मऊ आणि सगळीकडे सारखा येणारा. त्यामुळे घोड्याचं पोट फुगीर दिसतं, पण घोड्याची एक बाजू काळोखात बुडत नाही आणि कडाही हरवत नाही. चिनी चित्रात कडेला, म्हणजे बाह्यरेषेला, फार मान. कडा अंधारात विरघळली की चिनी डोळ्याला ते जनावर अर्धवट काढल्यासारखं वाटायचं.

रेशमावर तैलरंगाची युक्ती का चालत नाही

तैलरंगात चूक झाली तर खरवडता येते, वाळल्यावर वर दुसरा थर देता येतो. गडदावर उजळ चढवत जायची सोय असते. रेशमावरच्या पाणरंगात यातलं काही नाही. रंग धाग्यात शिरला की शिरला.

मुळात कोरं रेशीम रंग जागच्या जागी धरत नाही. रंग टिपकागदासारखा फाकत जातो. म्हणून ते आधी चौकटीवर ताणून त्यावर सरस आणि तुरटीचं पाणी चढवतात. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या एका चिनी चित्रपाठात त्याचं प्रमाण दिलेलं आहे: उन्हाळ्यात सात भाग सरसाला तीन भाग तुरटी, हिवाळ्यात दहा भाग सरसाला तीन भाग तुरटी. तुरटी वेगळ्या भांड्यात गार पाण्यात विरघळवायची, मग सरसात मिसळायची. गरम सरसात थेट टाकली तर ती शिजते आणि वाया जाते. मिश्रण गाळून रुंद कुंचल्याने पातळ हात द्यायचा, पूर्ण वाळू द्यायचा, मग पुढचा हात. असे तीन.

प्रमाण चुकलं तर काय होतं हेही त्या पाठात नोंदलेलं आहे. सरस जास्त झाला तर रंग मळकट दिसतात आणि पुढे बर्फाला तडे जावेत तशा भेगा पडतात. तुरटी जास्त झाली तर कापडावर पांढरट पापुद्रा येतो, कुंचला अडखळतो आणि रंगाला तेज राहत नाही.

युरोपीय चित्रकाराला हे सगळं नव्याने शिकावं लागलं. कास्तिल्योनेचा सहकारी, फ्रेंच जेझुइट आतिरे, याने १७४३ च्या पत्रात लिहिलं आहे, की इथे आल्यावर जुनं शिकलेलं विसरावं लागलं आणि बराचसा वेळ काचेवर तैलरंगात किंवा रेशमावर पाणरंगात झाडं, फळं, पक्षी, मासे आणि जनावरं काढण्यात जातो.

घोडा थराथराने

सुरुवात कागदावरच्या खर्ड्याने. हा खर्डा पूर्ण मापाचा असतो आणि आधी दरबारात मंजुरीसाठी जातो. शंभर घोड्यांच्या पटाचा शाईतला कागदी खर्डा सुदैवाने टिकला आहे. तो न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे आणि मापाने जवळजवळ रेशमी पटाएवढाच आहे. मंजुरी मिळाली की खर्डा ताणलेल्या रेशमाखाली धरायचा. तुरटी दिलेलं रेशीम इतकं पारदर्शक असतं की खालची रेघ स्पष्ट दिसते. ती फिक्या शाईने वर उतरवायची. अशा खर्ड्यामुळेच, खोडता न येणाऱ्या कापडावर, समोरून किंवा मागून दिसणारा घोडा अंग आखडून काढण्याचं धाडस करता येतं. पाहणाऱ्याच्या दिशेने वळलेलं शरीर लांबीत आखूड दिसतं. ही आखूड लांबी अचूक पकडणं हे युरोपीय शिक्षणातलं महत्त्वाचं कसब.

मग रंग. तांबूस घोड्याला गेरू, काळ्याला शाई, पांढऱ्याला सफेदा किंवा शिंपल्यांची भुकटी. लाल लगाम-खोगिराला हिंगूळ, हिरवळीला मॅलाकाइट या हिरव्या खनिजाची पूड, सावळ्या निळ्याला नीळ. पहिला थर अगदी पाणीदार आणि सपाट. तो वाळल्यावर दोन कुंचल्यांचा खेळ सुरू होतो. एका कुंचल्याने कडेला गडद रंग लावायचा आणि तो ओला असतानाच दुसऱ्या, नुसत्या पाण्याच्या कुंचल्याने आत ओढत फिका करत न्यायचा. दुसरा कुंचला फार ओला असेल तर रंग मागे ढकलला जाऊन डागाची कड उमटते, कोरडा असेल तर पट्टा तसाच राहतो. ही रीत अस्सल चिनी आहे. कास्तिल्योनेने तिला कामाला लावलं ते मात्र स्नायूंच्या रचनेवर: खांद्याचा फुगवटा, मांडीची खाच, जबड्याखालचा खोलगट भाग, पोटावरून जाणारी शीर.

तीन-चार थरांनंतर पुन्हा सरस-तुरटीचा हलका हात. तो खालचे थर बांधून टाकतो, नाहीतर वरचा ओला कुंचला त्यांना उठवतो. ‘तीनदा तुरटी, नऊदा रंग’ असा चिनी चित्रकारांचा वाक्प्रचारच आहे. नऊ हा आकडा शब्दशः घ्यायचा नाही. घाईने एका जाड थरात काम उरकू नये, हा त्याचा रोख.

शेवटी केस. चिनी पद्धतीत कुंचल्याचं टोक पिंजून कोरड्या शाईने केसांचे झुबके ओढायची जुनी रीत होती. कास्तिल्योनेने त्याऐवजी एकेक बारीक, आखूड रेघ घेतली आणि ती स्नायूच्या वळणावरून फिरवली. जिथे अंग गोल होत मागे जातं तिथे रेघा दाट आणि गडद, जिथे अंग पुढे येतं तिथे विरळ आणि फिक्या. म्हणजे तोच केस घोड्याची कातडीही दाखवतो आणि गोलाईही. युरोपात तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या चित्रांमध्ये छटा अशाच रेघांनी उठवत. बाह्यरेषा मात्र पुसलेली नाही. ती इतकी पातळ आहे की केसांच्या गर्दीत मिसळून जाते.

माझ्या मते त्याचं खरं मोठेपण या केसांत आहे. छायाप्रकाश तर युरोपातल्या कितीतरी चित्रकारांना येत होता.

‘पडछाया गाळायला लावली, म्हणजे दरबाराला चित्रकला कळत नव्हती?’

ही शंका बहुतेकांच्या मनात येतेच. तिच्यात एक गृहीत लपलेलं आहे, की एका बाजूचा प्रकाश हेच सत्य आणि बाकी सगळं अज्ञान. पण एका बाजूचा प्रकाश दिवसातल्या एका क्षणाचा असतो. तास-दोन तासांत पडछाया फिरते, रंग बदलतो. चिनी परंपरेला जनावर जसं कायम असतं तसं हवं होतं. कातडीचा रंग, ठिपक्यांची जागा, शरीराचा बांधा. यातला निम्मा भाग सावलीने झाकला तर नोंदच अपुरी राहते.

१७९३ मध्ये इंग्रजांचं शिष्टमंडळ पेकिंगला गेलं. त्यातल्या जॉन बॅरोने लिहून ठेवलं आहे, की भेट म्हणून आणलेली युरोपीय व्यक्तिचित्रं पाहून अधिकाऱ्यांनी विचारलं, या माणसांच्या चेहऱ्याच्या दोन बाजू खरोखरच दोन रंगांच्या आहेत का? नाकाची सावली त्यांना मोठा दोष वाटली. काहींना तर तो चुकून पडलेला डाग वाटला. बॅरोला याचं हसू आलं असेल, पण प्रश्न सरळ आहे. ज्याने आयुष्यभर रंग म्हणजे वस्तूचा स्वतःचा रंग असं पाहिलं, त्याला काळी बाजू हा वेगळा रंगच दिसणार.

पावणेआठ मीटरच्या पटाला एकच नजर कशी पुरणार

युरोपीय यथार्थदर्शनात, म्हणजे दूरची वस्तू लहान दाखवण्याच्या भूमितीत, पाहणारा एका जागी उभा असतो आणि सगळ्या रेषा दूरच्या एका बिंदूकडे धावतात. चिनी आडवा पट तसा बघायचाच नसतो. तो टेबलावर उजवीकडून डावीकडे, हातभर उलगडत, मागचा भाग गुंडाळत पाहायचा. एकच बिंदू धरला तर पटाच्या दोन्ही टोकांची जनावरं तिरपी ताणली जातील.

इथे तोडगा असा: प्रत्येक हातभर भागात घोडे जवळचे मोठे, दूरचे लहान, नियमाप्रमाणे. क्षितिजाची उंची मात्र पटभर फारशी न बदलता पुढे सरकते. त्यामुळे कुठेही थांबलं तरी नजर स्थिर राहते आणि उलगडत गेलं तरी धक्का बसत नाही.

हे ज्ञान गुप्त नव्हतं. न्यन शीयाव या चिनी अधिकाऱ्याने कास्तिल्योनेच्या मदतीने यथार्थदर्शनावर चिनी भाषेत सचित्र पुस्तक काढलं. पहिली आवृत्ती १७२९ ची, वाढवलेली १७३५ ची. त्याचा मोठा आधार इटालियन जेझुइट आंद्रेआ पोत्सोचा ग्रंथ होता.

इतका हुबेहूबपणा कशाला हवा होता

कारण ही जनावरं नजराणे होती. मंगोल सरदार, कझाक, अफगाण, तिबेटमधले अधिकारी आपापल्याकडचं उत्तम जनावर सम्राटाला पाठवत. जनावर काही वर्षांनी मरतं, पण अमुक प्रदेशाने अमुक साली आपला अधिकार मान्य केला ही गोष्ट सम्राटाला टिकवायची होती. चित्र हा तिचा दस्तऐवज. म्हणून ‘एक सुंदर घोडा’ चालणार नव्हता. तोच घोडा ओळखू यायला हवा होता.

छियेनलोंगसाठी केलेल्या दहा कुत्र्यांच्या पटांत हे स्पष्ट दिसतं. प्रत्येक पट सुमारे अडीच मीटर उंच. त्यावर कुत्र्याचं नाव चिनी, मांचू आणि मंगोल अशा तीन लिप्यांत, आणि ते कुणी अर्पण केलं हेही. नऊ कुत्री लांब नाकाची, चिपाड पोटाची शिकारी. दहावा तिबेटी मॅस्टिफ, तिबेटमधल्या फूछिंग या अधिकाऱ्याने पाठवलेला. शिकारी कुत्र्यांच्या पातळ कातडीखाली बरगड्या आणि शिरा दिसतात. मॅस्टिफच्या दाट केसांखाली शरीराचा अंदाजच लागत नाही, तिथे सगळी भिस्त केसांच्या लांबीवर आणि दिशेवर. एकाच चित्रकाराने दोन कातडींसाठी दोन रीती वापरल्या आहेत, हे शेजारीशेजारी ठेवून पाहण्यासारखं आहे.

१७५७ मधलं कझाकांनी घोडे अर्पण केल्याचं चित्र (आज पॅरिसच्या गिमे संग्रहालयात) आणि १७६३ मधले चार अफगाण घोडे हेही याच राजकारणातले.

‘मग हे एकट्या माणसाचं काम?’

नाही. दरबारी चित्रशाळेत कामाची वाटणी असायची. १७४७ च्या दरबारी नोंदीत हुकूम आहे: कास्तिल्योनेने दहा घोडे आणि दहा कुत्री लहान मापात दोन चित्रसंग्रहांसाठी काढावीत, झाडं-खडक झोउ कुनने काढावेत, फुलं यू शिंगने. इतरत्र निसर्गदृश्यं तांग दायसारख्यांनी रंगवली. कास्तिल्योनेच्या हाताखाली बंदालिशा, वांग योशुए असे शिष्य तयार झाले. बोहेमियाचा सिखेलबार्त आणि आतिरे हे युरोपीयही जनावरं काढत होतेच.

या वाटणीमुळे काही चित्रांत सांधा दिसतो. कुत्रा गोल, केसाळ, वजनदार. त्याच्या मागचा खडक मात्र शाईच्या कोरड्या फटकाऱ्यांचा, जवळजवळ सपाट. काही जाणकार याला दोष मानतात. मला तो दोष वाटत नाही. खडकालाही तेवढीच गोलाई दिली असती तर जनावर त्यात हरवलं असतं.

चिनी चित्रकारांचं मत काय होतं

दरबारातलाच चित्रकार झोउ यीग्वेई याने लिहिलं: पाश्चात्यांना भूमिती येते, त्यांच्या छाया आणि अंतरं केसभर चुकत नाहीत, भिंतीवर घर काढलं तर आत शिरावंसं वाटतं. शिकणाऱ्याने यातलं थोडं घ्यायला हरकत नाही. पण कुंचल्याची रीत त्यांच्याकडे अजिबात नाही, म्हणून ती कारागिरी, चित्रकला नव्हे. मत कडक आहे, पण चित्र नीट पाहून दिलेलं आहे. चिनी सुशिक्षितांच्या लेखी रेघ म्हणजे हाताचा श्वास. ती एका दमात, जाड-बारीक होत जायला हवी. केसागणिक आखूड रेघा मारणाऱ्याकडे अशी रेघ कुठून येणार?

खुद्द छियेनलोंगचंही मन दोन्हीकडे ओढलं जात होतं. १७६३ मध्ये त्याने कवितेत म्हटलं, की लांगच्या अफगाण घोड्यांत सारखेपणा आहे खरा, पण जुन्यांच्या घाटापुढे ते कमी पडतात. मग त्याने जिन तिंगब्याव या चिनी चित्रकाराला तेच घोडे अकराव्या शतकातल्या ली गोंगलिनच्या ढंगात काढायला सांगितले. लांगचा सारखेपणा आणि लीचा घाट एकत्र आले की कला पूर्ण होईल, असा त्याचा हिशेब होता.

कास्तिल्योने वारल्यावर सम्राटाने त्याला मरणोत्तर उपमंत्र्याचा दर्जा आणि अंत्यविधीसाठी तीनशे ताएल चांदी दिली. ही चित्रपद्धती मात्र दरबाराबाहेर रुजली नाही. मागणारा एकच, सम्राट. तयार चित्रं राजवाड्यातच बंद. १७७३ मध्ये पोपने जेझुइट संघच बरखास्त केला आणि युरोपातून नवे चित्रकार येणंही आटत गेलं.

आज मेट्रोपॉलिटनचा कागदी खर्डा आणि तैपेईचा रेशमी पट, दोन्हींची मोठी छायाचित्रं त्या त्या संग्रहालयाच्या संकेतस्थळावर आहेत. तोच घोडा दोन्हीकडे शोधा. खर्ड्यात नुसती शाईची रेघ आहे, म्हणून तिथे कास्तिल्योनेचं रेखाटन उघडं दिसतं. रेशमावर त्याच घोड्याची कड पाहा, मग पोटाचा मध्य, मग खुरांखालची जमीन, आणि सरतेशेवटी पुढच्या पाइन वृक्षाचं खोड. सालीच्या खवल्यांवर छायाप्रकाश त्याने घोड्यांपेक्षा जास्त मोकळेपणाने वापरला आहे.